उचलायची पाळी

विंझरच्या फाट्यावर एसटी आली आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मला न विचारता काखेत हात घालून उचललं. सतरा वर्षांची मी. ओढणी घसरली, एक चप्पल खाली पडली, आणि तात्या गाडीतल्या लोकांना मोठ्यानं सांगत होते, "सरका जरा, अपंग हाय आमची पोर, जागा द्या." मी सीटवर बसले ती रडतच. लोकांना वाटलं, गाव सुटतंय म्हणून रडतेय. कसलं गाव नि कसलं काय! मला राग आला होता. गाडीच्या पायऱ्या मला स्वतः चढायच्या होत्या, दांड्याला धरून, बसून सरकत का होईना. आई माझी चप्पल हातात घेऊन मागून चढली. बाबा खालीच उभे होते. म्हणाले, "पोचल्याव फोन करा." तेवढंच. माझे वडील थोरल्या भावापुढं कधी बोलले नाहीत, त्या दिवशी तरी कुठून बोलणार.

परवा गावाच्या ग्रुपवर कुणीतरी माझा जुना फोटो टाकला. तात्यांच्या पाठीवर मी, माझ्या पाठीवर दप्तर, मागं ओढा. खाली लिहिलंय, 'आमच्या गावची माणुसकी', आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. पुण्या-मुंबईला गेलेल्यांनीसुद्धा 'डोळे पाणावले' असं लिहिलंय. पुसा ते डोळे आणि वाचा. हे तुमच्यासाठीच आहे, गावात राहिलात त्यांच्यासाठी आणि बाहेर राहून गावाचं कौतुक करत बसता त्यांच्यासाठी पण.

मला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, तेव्हापासून पायांचे स्नायू कायम ताठ. हा वाढत जाणारा आजार नाही. पण पाय रोज ताणले नाहीत, पोराला उभं केलं नाही, तर स्नायू आखडतात आणि गुडघे वाकलेलेच राहतात. हे काही मला आत्ता कळलं असं नाही. मी सात वर्षांची असताना भोरला अपंगांच्या तपासणी शिबिरात तिथल्या मॅडमनी आईला आणि तात्यांना समोर बसवून हेच सांगितलं होतं. वॉकर दिला. म्हणाल्या, "हिला उचलू नका. पडली तरी चालेल, पडूनच शिकेल."

तो वॉकर आमच्या घरात आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी अंगणात मी तोंडावर आपटले, हनुवटी फुटली, शेजारपाजारचे धावले. तात्या शेतावरून आले ते आईवरच घसरले. "लाज वाटती का न्हाई? लोक तोंडाव थुकतील आमच्या! एवढी माणसं हायती घरात आन् पोर फरफटत चालती!" वॉकर माळ्यावर गेला. आणि गावानं बैठक घेऊन माझी पाळी लावली. हसू नका, खरंच लावली. देवळात दिवा लावायची जशी घरटी पाळी असते, तशी मला शाळेत उचलून न्यायची. सोमवार वरच्या आळीचा, मंगळवार खालच्या आळीचा. कुणी कधी चुकलं नाही. भातलावणीच्या गडबडीतसुद्धा चिखलाचे पाय धुऊन माणूस दारात हजर. प्रेमच होतं ते, मी कुठं नाही म्हणतेय? त्या प्रेमानंच माझी वाट लावली.

पाळीवाला सकाळी वर्गात ठेवून गेला की संध्याकाळीच यायचा. मधे लघवीला कोण नेणार? म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं. दहावी होईपर्यंत मी शाळेत पाणी प्यायले नाही. तुमच्यापैकी एकानं तरी कधी विचारलं का? सव्वीस जानेवारीला तात्यांचा सत्कार झाला तेव्हा मात्र झाडून सगळे हजर. शाल तात्यांच्या अंगावर, नारळ तात्यांच्या हातात आणि मी तात्यांच्या पाठीवर. काय टाळ्या वाजल्या! माझे गुडघे तोवर पार आखडून गेले होते.

घरी आई पाय ताणायला बसली की मी दुखतंय म्हणून किंचाळायची. काकी धावत यायची, "सोड गं तिला, लेकराचा जीव घेतीस का?" आणि आई सोडायची. तिचं पण चुकलंच. यावरून मी तिला कितीदा तोडून बोललेय, ती गुमान ऐकून घेते.

दहावीनंतर वर्षभर मी घरात बसून काढलं. तात्या म्हणाले, "शिकून काय करायचंय तिला? बसून खाऊ दे, आमी हाय की." त्या दिवशी आईचं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती दिराला उलट बोलली, "तुमी हाय म्हणूनच पुण्याला न्हेती तिला." मग काय, सगळं गाव म्हणालं, नवरा टाकून पोरीला घेऊन चालली. तुम्ही तिला काय काय बोललात ते मी इथं लिहीत नाही, पण मला सगळं पाठ आहे.

धनकवडीत तळमजल्यावर एक खोली घेतली. आई मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. दवाखान्यात फिजिओ मॅडमनी माझे गुडघे मोजले आणि आईला विचारलं, "इतकी वर्षं करत काय होतात?" आईनं पदर तोंडाला लावला. मीच म्हटलं, "गाव उचलत होतं." मग ऑपरेशन, प्लास्टर, आणि त्यानंतर रोजचा व्यायाम. दोन दांड्यांच्या मधे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा इतकं दुखलं की मी गावाकडच्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मॅडम मोबाईलवर वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "शिव्या देतानाही गुडघा सरळ ठेव." पडले तर हात द्यायच्या नाहीत. बाजूला उभ्या राहून सांगायच्या, "आधी कुशीवर हो. आता गुडघ्यावर ये. आता धर." किती दिवस ती बाई मला वैरीण वाटायची. आज अख्ख्या पुण्यात माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच आहे.

आता मी वॉकरवर चालते. विम्याच्या ऑफिसात फोनवर बोलायची नोकरी करते, रिक्षात स्वतः चढते आणि दिवसभर पोटभर पाणी पिते. उजवा गुडघा सरळ झाला. डावा होणार नाही, उशीर झाला, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. तो वाकडा गुडघा तुमच्या माणुसकीचा. त्याचाही फोटो काढून पाठवते, टाका ग्रुपवर.

बाबा अधूनमधून तांदळाचं पोतं घेऊन येतात, नसरापूरपर्यंत जीपनं आणि पुढं एसटीनं. मी चालताना बघून त्यांचा हात आपसूक पुढं येतो, आई डोळे वटारते, मग ते हात मागं घेतात. "गावाकडं कवा येनार?" असं विचारतात. तिथल्या ओढ्याची, भाताच्या वासाची मला आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण मी आले की तुम्ही सगळे धावत येणार, आणि पुन्हा मला कुणीतरी खांद्यावर घेणार.

गेल्या रविवारी मी ओट्यापाशी भाजी परतत होते. फरशी ओली होती. वॉकर सरकला आणि मी आडवी. आई समोर भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. ती अर्धी उठली. मग पुन्हा बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओठ चावत बघत राहिली. मी कुशीवर झाले. गुडघ्यावर आले. ओट्याची कड धरली, सुटली, परत धरली, परत सुटली. खूप वेळ गेला. भाजी करपायला लागली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं, पण ती हलली नाही. घर कुठलं म्हणून आता कुणी विचारलं, तर मी या खोलीचा पत्ता देते.

मी उभी राहिले तेव्हा तिनं नाक ओढलं.

"उठलीस?"

"उठले."

"मग गॅस बंद कर आधी."