उतरून बघता येत नाही

मार्शल कुठल्याही वस्तूचा वापर करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. डावीकडून सुरुवात, उजवीकडे शेवट. मग ती स्कूटर असो, उसाची ट्रॉली असो, नाहीतर माझ्या दुकानातलं साडेतीन पायांचं स्टूल असो. चालता चालता हात फिरवायचे, वाकून खालून बघायचे, एखादा नट अंगठ्याने दाबायचे आणि मगच बसायचे. त्या स्टुलाचा उरलेला अर्धा पाय मी त्यांच्यामुळेच बसवून घेतला.

पहिल्या महिन्यात गावाला वाटलं, माणूस भलताच देवभोळा आहे. औंधच्या यमाईला निघाले तरी पहिली प्रदक्षिणा स्कूटरला! चौकात भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींच्या मुलाने नवा टेम्पो घेतला, तेव्हा हार घालून, हळदकुंकू लावून झाल्यावर त्यांनी मार्शलांना मुद्दाम बोलावून घेतलं. "आवं सायेब, तुमचा हात लय चांगला. एक फेरी घाला की." मार्शल आनंदाने गेले. फेरी घातली, गुडघ्यावर बसले, उठले आणि म्हणाले, "मागच्या चाकाचे दोन नट ढिले आहेत." खरंच ढिले होते. मावशींनी टेम्पो सोडून यांच्याच पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

मी एकदा न राहवून विचारलंच.

"पेंटर," ते म्हणाले, "विमानात चढण्याआधी पायलटने विमानाभोवती फिरून सगळं बघायचं असतं. टायर, पंख, स्क्रू. वर गेल्यावर उतरून बघता येत नाही."

"पण मार्शल, हे स्टूल आहे."

"स्टुलावरून पडल्यावर जास्त हसतात."

मी पेंटर. म्हणजे पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आता रहिमतपुरात फ्लेक्स छापतो. ब्रश जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली, नाव तेवढं राहिलं. वाढदिवस, निवड, सत्कार आणि श्रद्धांजली या चार गोष्टींवर माझं दुकान चालतं. तुमच्याही गावात माझ्यासारखा एक जण असेल. कोपऱ्यात ओळीने गोल मुंडकी लावून खाली 'शुभेच्छुक' लिहिणारा.

आणि मार्शल म्हणजे हवाई दलातले एअर मार्शल. इथून तीन मैलांवरच्या गावातले. दहाव्या वर्षी साताऱ्याच्या सैनिकी शाळेत गेले ते पुढे लढाऊ विमानात जाऊन बसले. चढत चढत इतके वर गेले की शेवटी चार राज्यांचं आकाश त्यांच्या हुकमात होतं. आमच्याकडे दीड गल्ली हुकमात असलेल्या माणसाला भेटायचं तर आधी त्याच्या मेव्हण्याला गाठावं लागतं. मार्शल मात्र माझ्या दुकानात बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि अडले की मलाच विचारायचे.

लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं की ते हात झटकायचे. "लहान होतो तेव्हा विमान उडवलं. मोठा झाल्यावर फायली उडवल्या. माणूस एअर मार्शल झाला की त्याला विमान खिडकीतून दिसतं."

आमची ओळख झाली ती माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीमुळे. निवृत्त होऊन ते गावी राहायला आले, तेव्हा ग्रामपंचायतीने वेशीजवळ वीस फुटी स्वागत फ्लेक्स लावायचं ठरवलं. मी मोबाईलवर 'लढाऊ विमान' असं शोधलं आणि त्यातलं सगळ्यात देखणं उचललं. ढगातून वर झेपावणारं, पोटाखाली बॉम्ब लटकवलेलं. त्यापुढे मार्शलांचा गणवेशातला फोटो. खाली गोलांची रांग, आणि त्यात पहिला गोल त्यांच्या थोरल्या भावाचा.

हलगी वाजली, गुलाल उडाला. मार्शल गाडीतून उतरले, हार घालून घेतले आणि थेट फ्लेक्सकडे गेले. एक फेरी मारली. मागे जाऊन बांबू हलवून बघितले, सुतळी ओढून बघितली. मग पुढे येऊन विमानाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे कोणी केलं?"

मी शाल मिळणार या आशेने पुढे झालो. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"विमान फार सुंदर आहे. अख्ख्या नोकरीत मी याला आपल्या इतक्या जवळ येऊ दिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"हे त्यांचं आहे. पलीकडचं."

मी हात पसरून विमान झाकायला गेलो. मार्शलांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. "कोणाला सांगू नको. उद्या सकाळी हळूच उतरव. आजचा दिवस त्याला पाहुणा समजू." तो फोटो माझ्याकडे अजून आहे. त्यात मार्शल हसतायत आणि मी आजारी दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवायला गेलो, तर माझ्या आधी तिथे कोणीतरी येऊन गेलेलं. फ्लेक्सला ताटाएवढं भोक पडलं होतं. पहिला गोल गायब. शेजारीच बांधावर मार्शलांचे थोरले भाऊ, आण्णा, विळ्याची धार अंगठ्याने बघत बसले होते.

"आमाला न इचारता आमचं मुंडकं टांगलं व्हय रं?"

मी म्हणालो, "आवं आण्णा, सख्ख्या भावाचं स्वागत..."

"ज्येच्या हाताखाली शंभर इमानं हुती, त्येला आईच्या मातीला यायला एक गावलं न्हाई. कसलं स्वागत करू त्येचं?"

तेव्हा मला सगळं कळलं. मार्शल शाळेला गेले तेव्हा आण्णा शाळा सोडून रानात उतरले होते. आईला शेवटपर्यंत आण्णांनीच सांभाळलं. ती गेली तेव्हा त्यांनी दिवस मावळेपर्यंत धाकट्याची वाट पाहिली. तिकडून फोन आला, 'जमत नाही.' एवढे दोनच शब्द. तेव्हापासून आण्णा त्यांना 'साहेब' म्हणू लागले. 'साहेब, तुमी बसा. साहेब, तुमचं जेवान झालं का?' बोलण्यात कुठे खोट काढता येणार नाही असा आदर. त्याआधी ते त्यांना 'बारक्या' म्हणत.

मार्शलांनी ते भोकाचं फ्लेक्स माझ्याकडून मागून नेलं आणि स्कूटर झाकायला वापरलं. पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी पुण्यात. तिने दहा वेळा बोलावूनही हे गावीच राहिले. का राहिलात, असं विचारलं तर म्हणाले, "पेंटर, मला आयुष्यभर लोकांनी सर म्हटलं, साहेब म्हटलं. बारक्या म्हणणारा एकच माणूस शिल्लक आहे, आणि तोच म्हणत नाही."

मग सुरू झाली मार्शलांची मोहीम. आण्णांना चहा आवडतो म्हणून रोज त्यांच्या वस्तीवर चहाला जायचे. आण्णा दोन कप ठेवायचे, 'घ्या साहेब' म्हणायचे आणि स्वतःचा कप घेऊन गोठ्यात जायचे. मार्शल म्हशीचं दूध काढायला शिकले, तर आण्णा म्हणाले, "साहेब, म्हस बिथारली." परत येऊन मार्शल मला सगळा अहवाल द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आजही लक्ष्य चुकलं."

दोन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी मार्शल माझ्या दुकानात आले ते डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले. चष्म्याची एकच काच जागेवर. आणि चेहरा असा की जणू पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून आलेत. स्टुलाला फेरी न मारताच बसले!

"पेंटर, म्हणाला!"

झालं होतं असं. आण्णा ऊस भरलेली ट्रॉली कारखान्याला घेऊन निघाले होते. सत्तरी आली तरी ट्रॅक्टर स्वतःच चालवायचे. मार्शलांनी सवयीप्रमाणे फेरी मारली आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडावरच्या पिनेला हात लावून म्हणाले, "आण्णा, ही पिन झिजली आहे. वर चढल्यावर उतरून बघता येणार नाही."

"साहेब, हे इमान न्हाई."

आण्णांनी ट्रॅक्टर चढाला घातला आणि मध्यावर पिन तुटली. ट्रॉली मागे सरकू लागली. मार्शल तिच्या मागोमाग चालत होते. आण्णा सीटवरून उठून ओरडले, "बारक्या, बाजूला हो रं!"

मार्शल पाटात उडी मारून पडले. ट्रॉली बांधाला टेकून थांबली. ती किती वेगात आली हे विचारू नका. मार्शलांच्या सांगण्यात ती भन्नाट आली, आण्णांच्या सांगण्यात हातभर सरकली. पण सांडलेल्या उसावर बसून दोघं भाऊ पहिल्यांदा बोलले, यावर दोघांचं एकमत होतं.

"का आला न्हाईस तवा?" आण्णांनी विचारलं.

मार्शलांनी सांगितलं. त्या आठवड्यात सीमेवर तणाव होता. रात्रंदिवस विमानं तयार ठेवलेली. त्यांना खुर्ची सोडता येत नव्हती आणि का सोडता येत नाही ते फोनवर बोलता येत नव्हतं.

"मग पुढं कवा सांगायचं न्हाई व्हय?"

"पुढे लाज वाटायला लागली, आण्णा."

आण्णांनी ऐकून घेतलं, धोतर झटकलं, 'बरं' म्हणाले आणि ऊस गोळा करायला लागले. तेवढंच.

"या 'बरं'चा अर्थ काय घ्यायचा, पेंटर?" मार्शल मला विचारत होते. चार राज्यांच्या आकाशाचा माणूस, आणि एका शब्दावर अडला होता.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'साहेब' सुरू झालं. पण आता 'साहेब, च्या घेतोस का?' असं. साहेब म्हणायचं आणि अरेतुरेही करायचं, हे व्याकरण फक्त आण्णांचं. मार्शल खूश होते, तरी ते 'बरं' त्यांच्या मनातून गेलं नाही.

मध्येच एकदा त्यांच्या छातीत दुखलं. साताऱ्याला जाऊन आले आणि तिसऱ्या दिवशी एक कागद घेऊन माझ्यासमोर बसले.

"माझ्या श्रद्धांजलीचा मजकूर."

मी चिडलो. म्हटलं, "मार्शल, असलं काही मी छापणार नाही."

"छापशीलच. आणि परत मोबाईलवर शोधून विमान घालशील. वर गेल्यावर उतरून बघता येत नाही. म्हणून आत्ताच बघून घेतो."

नाइलाजाने नमुना छापला आणि फरशीवर पसरला. मार्शलांनी चप्पल काढून स्वतःच्या श्रद्धांजलीभोवती फेरी मारली. 'श्रद्धांजली'तला 'द्ध' चुकला होता, तो काढला. विमानाचा फोटो त्यांनी स्वतः आणून दिलेला. हुद्दा नाही, पदकं नाहीत. मोठ्या अक्षरांत फक्त 'आण्णांचा बारक्या'. खाली कोपऱ्यात एकच गोल, तोही मोकळा.

"इथे काय?"

"आण्णाने स्वतः काही दिलं तर ते. न विचारता घालू नको. एकदा घातलं होतंस." मग म्हणाले, "त्याने नाही दिलं, तर मोकळाच राहू दे. म्हणजे तुला त्या 'बरं'चा अर्थ कळेल."

त्यानंतर चार वर्षं ते जगले, आणि त्या कागदाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आण्णांकडचा चहा पिऊन स्कूटरला फेरी मारताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. हवाई दलाची माणसं आली, बिगूल वाजला, सलामी झाली. अग्नी आण्णांनी दिला. मला माझा बाप गेल्यावर आलं नव्हतं इतकं रडू त्या दिवशी आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आण्णा दुकानात आले. मी नमुना समोर पसरला. त्यांनी नाव वाचलं. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मोकळ्या गोलापाशी बोट थांबलं.

"हितं काय रं?"

मार्शल जे म्हणाले होते, ते मी जसंच्या तसं सांगितलं.

आण्णांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला फ्लेक्सचा एक गोल तुकडा होता. कडा विळ्याने वेड्यावाकड्या कापलेल्या.

"आण्णा, तुमचा फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे. नवा छापतो."

"नगं. ह्योच चिकटव. त्येच्यातनंच काढला हुता. त्येचा त्येला."

नव्या फ्लेक्सवर तो जुना तुकडा काही नीट बसला नाही. रंग वेगळा, एका बाजूने कड उचललेली. संध्याकाळी वेशीजवळ बांबू रोवून ते फ्लेक्स लावलं. मी खाली उतरून हात झटकतो, तर आण्णा डावीकडून निघाले होते. बांबू हलवून बघितला, सुतळी ओढली, मागे जाऊन बघितलं, उजवीकडून पुढे आले आणि विमानाकडे बोट केलं.

"इमान आपलंच हाय न्हवं ह्या बारीला?"

ते गुपित मी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे चहावर त्या दोघांचं हेसुद्धा बोलून झालं होतं.

"आपलंच आहे, आण्णा."

"पुन्ना एकदा नीट बघ. बारक्या काय आता उतरून बघायचा न्हाई."