धाकट्या जावेची आमदारकी

माझी धाकटी जाऊ आमदारकीला उभी राहणार, असं आता पाटोद्याच्या बाजारातसुद्धा बोललं जातं. भाजी घेताना ओळखीच्या बायका मला थांबवून विचारतात, "तिकीट पक्कं हाय का वो?" मी म्हणते, मला काय माहीत. मग त्या हसतात. घरातल्या माणसाला माहीत नाही, हे कुणाला खरं वाटत नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी गावच्या अंगणवाडीत सेविका होते आणि माझी मुलगी नुकती पाऊल टाकायला लागली होती. मी दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला जायचे आणि माझं लेकरू ही सांभाळायची. सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. तिला स्वतःला मूल झालं नाही. माझी मुलगी कितीतरी वर्षं तिच्याच कुशीत झोपायची, आणि ताप आला की आईला नाही, काकीला हाक मारायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा माझ्या दिरांची पंचाईत झाली. त्यांना स्वतःला उभं राहायचं होतं. मी अंगणवाडीत, त्यामुळे माझा प्रश्नच नव्हता. त्यांनी बायकोचा अर्ज भरला आणि ती निवडून आली. गाव म्हणायचं, "शिक्का हाय नुसता." ते खरंही होतं. बैठकीत दीर खुर्चीवर बसायचे, ही दारापाशी. चहा सांगायचा असला तरच तिच्याकडे बघायचे.

एकदा दीर बीडला गेले होते आणि ग्रामसेवक ठरावाचं रजिस्टर घेऊन सहीसाठी घरी आले. ती म्हणाली, "वाचून दावा."

ते हसले. "वहिनी, साहेबांनी बघितलंय समदं."

"त्यांनी बघितलं असंल. सही माझी हाय."

ग्रामसेवकांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर तिनं त्यांना बसायला पाट दिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दोन ठरावांवर तिनं सही केली नाही. दीर आल्यावर घरात मोठा आवाज झाला, पण सही काही झाली नाही.

त्यानंतर ती थांबलीच नाही. गावातलं दारूचं दुकान बंद होईस्तोवर बायका घेऊन तीन दिवस त्याच्यापुढं बसली. हायस्कूलच्या मुलींसाठी एसटी सुरू करून घेतली आणि ती दिवस मावळायच्या आत परत आलीच पाहिजे, यासाठी डेपोत भांडली. मुलींनी शिकावं, पण घरचं ऐकून शिकावं आणि लग्न आई-बापाच्या मर्जीनं करावं, असं ती सभेत सांगायची. बीडचे पुढारी तिला पाठीमागं 'पदरवाल्या बाई' म्हणत. जिल्हा परिषदेला तिला उभं केलं ते पडणारी जागा म्हणून. ती निवडून आली तेव्हा त्यांच्याच कार्यालयात गुलाल आणून ठेवलेला नव्हता.

तिच्या डोक्यात हे सगळं कुठून आलं, ते मला एकदाच कळलं. बीडहून आम्ही दोघी एसटीनं परत येत होतो. पालीजवळ धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि ती एकदम म्हणाली, "अक्का, माझ्या थोरल्या बहिणीचं तुमाला कदी सांगितलं न्हाई. ती मनानं गेलती एकासंगं. वरसाच्या आत त्यानं सोडलं. पोटुशी परत आली. माझ्या बापानं दार उघडलं म्हणून जगली. गरिबाला घराशिवाय सरकार न्हाई, अक्का. घर मोडलं की कुनाकडं जायचं मानसानं?"

मांजरसुंबा येईपर्यंत मी तिचा हात धरून ठेवला.

माझी मुलगी नर्सिंग करून बीडला दवाखान्यात लागली. तिथल्याच लॅबमधला एक मुलगा तिला आवडला. दुसऱ्या जातीचा. आम्ही नवरा-बायको आठवडाभर रडलो, भांडलो, मग मुलाला भेटलो आणि हो म्हणालो. मुलगी म्हणाली, "काकीला मीच सांगते. ती मला न्हाई म्हणायची न्हाई."

तिनं ओसरीत बसून सांगितलं. जाऊ शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"आई-बापाला इचारलंस?"

"त्यांनी हो म्हणलंय, काकी. तूच सभेत सांगती ना, आई-बापाच्या मर्जीनं करावं?"

"मर्जी म्हंजे दोघांची न्हाई. घराची. भावकीची. उद्या काय झालं तर तुझ्यामागं कोन हुबं राहील?"

"तू राहशील की."

जावेनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. मुलगी बराच वेळ तिथंच बसून राहिली. मला वाटलं, दोन दिवसांनी निवळेल.

लग्न बीडला रजिस्ट्रारच्या कार्यालयात झालं. दीर आले नाहीत, तीही आली नाही. माझी मुलगी सही करायच्या आधी दोनदा दारापर्यंत जाऊन बघून आली.

पुढच्या महिन्यात गेवराईला महिलांचा मेळावा होता. जावेनं गावच्या बायकांसाठी गाडी पाठवली, माझ्यासाठी पुढची जागा ठेवायला सांगितलं. मी गेले. ती रुसली असली तरी आमचीच आहे, असं मनाला समजावत होते. मोठे नेते मंचावर होते. ती बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "ज्या लेकीला मी कडेवर वाढवलं, तिच्या लग्नाला मी गेले न्हाई. घर टिकवायचं बोलायचं तर आदी आपल्या घरात बोलावं लागतं." मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाईही टाळ्या वाजवत होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

कार्यक्रम झाल्यावर ती मला मंचाच्या मागं भेटली.

"अक्का, मी खोटं बोलले का?"

"न्हाई."

"मग रडताव कावून?"

तीही रडत होती. ती नाटकी असती तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण रडता रडता तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि नेत्यांनी हाक मारली तशी निघून गेली. त्या भाषणानंतर तिचं नाव वर गेलं. जे तिला हसायचे, ते आता तिच्यासाठी गाडीचं दार उघडतात.

मुलगी सणालाही येत नाही. फोनवर सगळ्यांची चौकशी करते, एकीची सोडून.

गेल्या आठवड्यात प्रचाराच्या पत्रकासाठी घरच्यांचा फोटो काढायला माणसं आली. माझा नवरा शेतात निघून गेला. मला तिनं हाताला धरून शेजारी उभं केलं. भावकीतली माणसं, सुना, लेकरं, सगळी ओळीनं उभी राहिली. फोटोवाल्यानं कॅमेरा लावला आणि विचारलं, "ताई, घरातलं अजून कोनी यायचं राहिलंय का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन याची वाट बघत होती की मी बोलू नये असं तिला वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही. मी खाली मान घातली.

"न्हाई," ती म्हणाली, "समदे हायेत."

फोटो चांगला आला आहे असं सगळे म्हणतात. परवा मुलीनं तो मोबाइलवर बघितला. तिनं फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आई, काकी किती वाळली गं."