मालकिणीची साडी
स्पिरिटचा वास आला की मला खापर गावातली ती म्हैस आठवते. पान्हा सुटताना रक्तातलं संप्रेरक किती वाढतं, हे मी संशोधनासाठी मोजत होते. पण मला बघितलं की ती पान्हाच चोरायची. तीन दिवस रक्ताचा नमुना मिळेना, मी घायकुतीला आले. मालकीण म्हणाली, “ताई, तुन्हा आंगले दवाखानाना वास येस. मन्ही साडी गुंडाई ले.” शेणाचा, सरकीच्या पेंडीचा वास असलेली तिची साडी मी गुंडाळली. म्हशीनं हुंगलं, विश्वासानं पान्हा सोडला आणि मी तिच्या मानेत सुई खुपसली. दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून मालकीण धारेला बसली, तर म्हैस तिलाही बुजून मागे सरली. रिकामी बादली घेऊन ती उठली. माझ्या शोधनिबंधात सगळे आकडे आहेत. ती साडी मात्र मी लिहिलेली नाही.