हा तालुका कोणाच्या नावाचा?

माझ्या बाबांना गप्प बसवत नाही. आई गेल्यावर मी त्यांना नाशिकहून अमेरिकेत, नेपरव्हिलला घेऊन आले, तेव्हा मला वाटलं होतं की ते खिडकीशी बसतील, बर्फ बघतील, हळूहळू रुळतील. पण विमानतळावरून घरी येताना, अजून थंडीने दात वाजत होते तरी, रस्त्याकडेची पाटी वाचून त्यांनी विचारलं, "हा तालुका कोणाच्या नावाचा?"

मी म्हटलं, तालुका नाही बाबा, काउंटी. तेच ते, ते म्हणाले, पण ड्युपेज म्हणजे कोण? मला माहीत नव्हतं. याच काउंटीत मी घर घेतलं, मुलगी वाढवली, दरवर्षी कुरकुरत प्रॉपर्टी टॅक्स भरला, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी सांगितलं की असेल कोणीतरी. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की कॉलेजातली एटीकेटी आठवली.

बाबा महसूल खात्यात होते. कारकुनापासून तहसीलदारापर्यंत गेले. कुठल्याही गावात गेले की आधी विचारणार, गाव कोणी वसवलं, नाव कशावरून पडलं, शीव कुठे आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीतही नवऱ्याच्या गावाच्या नावावर अर्धा तास गेला होता. आता निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खोड जात नाही.

माझी खोड उलटी आहे. मी एका जागी टिकत नाही. अमेरिकेत आल्यापासून मी आणि नवरा टेक्सासमध्ये राहिलो, मग ओहायोत, मग शॉमबर्गला, मग इथे. नेपरव्हिलला सगळ्यात जास्त राहिलो ते केवळ मुलीच्या शाळेमुळे. नवरा गेली दोन वर्षं जर्सी सिटीत नोकरी करतो, सोमवारी पहाटे उडतो आणि गुरुवारी परत येतो. मुलीचं हायस्कूल संपलं की सगळ्यांनी तिकडेच जायचं, असं आमच्यात अर्धवट ठरलं होतं. तो मला उंच इमारतींमधल्या फ्लॅटचे फोटो पाठवायचा, आणि मी त्यावर अंगठा टाकायची. जिथून निघायचंच आहे त्या जागेचं नाव कशाला विचारायचं, असा माझा हिशेब होता.

बाबांचं मात्र ठरत नव्हतं. नाशिकचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. आईचे दिवस झाल्यावर लगेचच ते जिन्यात चक्कर येऊन पडले, आणि समोरच्या काकूंना दिसले म्हणून बरं. त्यांनीच मला फोन केला. त्या फोननंतर मी जेवताना, मीटिंगमध्ये, अंघोळ करताना तो जिनाच बघत होते. मला ते इथे हवे होते, कायमचे. ग्रीन कार्ड आधीच झालेलं होतं, खोली तयार होती. पण त्यांनी बॅग कधी रिकामी केली नाही. शर्ट बॅगेतून काढायचे, घालायचे, धुऊन परत बॅगेत. मी विचारलं की एकच उत्तर असायचं. वर्षश्राद्ध होऊ दे, मग सांगतो राहायचं की जायचं.

दर महिन्याला आईच्या तिथीला ते किचनमध्ये दक्षिणेकडे तोंड करून उभे राहायचे. आईला मुलगा नाही, म्हणून करणारे तेच. ताम्हण, पळी, दर्भ, तीळ सगळं बॅगेतून आलेलं. संकल्प त्यांना पाठ. संकल्पात आपण कुठे आहोत ते सांगावं लागतं, आणि बाबा म्हणायचे, "गोदावर्याः दक्षिणे तीरे." बाहेर बर्फ काढणारा स्नो-प्लाऊ घरघरत जायचा आणि माझे बाबा गोदावरीच्या दक्षिण तीरावर उभे असायचे. मला ते ऐकवत नसे. मी मुद्दाम मिक्सर लावायची.

वसंतात मुलीला लर्नर्स परमिट मिळालं. शेजारी लायसन्सवाला मोठा माणूस बसवून तिला खूप तास गाडी चालवायची होती, आणि तो माणूस मीच. एका रविवारी बाबा न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले. तिथून ते सुरू झालं. मुलीला मोकळे रस्ते हवे होते आणि बाबांना पाट्या हव्या होत्या. ती गाडी चालवायची, ते नाव वाचायचे, आणि मी फोनवर शोधून सांगायची. ब्रेकवर माझा पाय नसताना मला दुसरं काहीतरी करायला हवंच होतं.

कुक काउंटी एका तरुण वकिलाच्या नावाची निघाली. तो काउंटी व्हायच्या आधीच वारला होता, आणि इथे कधी राहिलाच नव्हता. आमच्या घराच्या दक्षिणेला मक्याची शेतं लागतात ती विल काउंटी. हा विल डॉक्टर होता, मिठाचा धंदा करायचा, आणि तोही राज्याच्या पार खालच्या टोकाचा. केन काउंटीचा केनसुद्धा तिकडचाच पुढारी. केंडल टपाल खात्याचा मुख्य, थेट वॉशिंग्टनचा. बाबा प्रत्येक वेळी पुढे वाकून विचारायचे, "इथे राहिला होता का?" मी म्हणायची, नाही. ते मागे टेकून बसायचे, एखाद्याचा अर्ज फेटाळल्यासारखे.

"आजोबा, दे वेअर जस्ट पॉलिटिशियन्स," मुलगी म्हणाली. बाबा म्हणाले की ते त्यांच्याही लक्षात आलंय, आमच्याकडेही चौकांना अशीच नावं पडतात.

उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी बघायला आम्ही शँपेनला निघालो. तो रस्ता लांब, सरळ आणि कंटाळवाणा. कँकाकी आणि इरोक्वॉय अशा दोन काउंट्या लागल्या. बाबांनी विचारलं, हे कोण? मी वाचून दाखवलं की ही नावं नद्यांवरून आलेली, आणि नद्यांची नावं इथल्या मूळ लोकांकडून. ते लोक आता कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांना पश्चिमेला घालवलं. बाबा म्हणाले की माणसं घालवली आणि नावं ठेवून घेतली. त्यानंतर शँपेनची पाटी आली. ते नाव ओहायोतून आलेल्या लोकांनी सोबत आणलेलं होतं, त्यांच्या तिकडच्या काउंटीचं. हे ऐकून बाबांनी एक गोष्ट सांगितली जी मी आजवर ऐकली नव्हती.

ते नवीन नोकरीला लागले तेव्हा एक गाव धरणात जाणार होतं. बाबांकडे त्या लोकांना नव्या गावठाणात नेऊन प्लॉट दाखवायचं काम होतं. माळरान होतं, नुसत्या चुन्याच्या रेघा. लोक बैलगाड्यांतून उतरले आणि बसून राहिले, प्लॉटकडे कोणी बघेना. एक म्हातारी त्यांच्याजवळ आली.

"ती म्हणाली, 'भाऊसाहेब, आमच्या गेलेल्या मानसांना कसं कळंल, आम्ही कुठं गेलो ते?'"

 बाबांनी दुसऱ्या दिवशी जुन्या गावाची पाटी उपटून आणवली आणि माळावर रोवली. त्यानंतर लोकांनी गाड्या सोडल्या. एवढीच गोष्ट. मुलीची एक्झिट चुकली आणि तिला ओरडायचं मी विसरले.

घर ज्याच्या नावाच्या काउंटीत आहे तो ड्युपेज मात्र मी पुढे ढकलत होते. का, ते मला नीट सांगता येणार नाही. बाबांचे प्रश्न संपले की ते जातील, असं काहीतरी खुळं डोक्यात बसलं होतं. मी हरतऱ्हेने विषय टाळायची. पानगळ झाली, हीटर सुरू झाला, वर्षश्राद्ध जवळ आलं, आणि माझी झोप उडाली. ते बाथरूममध्ये जास्त वेळ लावायला लागले तरी मी दाराबाहेर फेऱ्या मारायची. ते कोणाशी फोनवर तिकिटाचं बोलतायत का, म्हणून कान लावायची. नवऱ्याने फोन करून नव्या फ्लॅटला बाल्कनी आहे असं सांगितलं तर त्याच्यावर खेकसायची.

अशाच एका संध्याकाळी बाबांनी पुन्हा विचारलं, ड्युपेजचं काय झालं? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काय करायचंय तुम्हाला या नावांचं? यातलं कोणी इथे राहिलेलंसुद्धा नाही.

ते शांतपणे म्हणाले, "ते न राहता नाव देऊन गेले. तू राहतेस आणि नाव विचारत नाहीस."

मला ते झोंबलं. मी म्हटलं, "आणि तुम्ही? दर महिन्याला माझ्या किचनमध्ये उभं राहून गोदावरीच्या काठी आहे म्हणून सांगता. मग ते खरं आहे का?"

बाबा उठले आणि जिना चढून खोलीत गेले. थोड्या वेळाने बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मी खाली हातात झारा धरून उभी होते आणि भाजी करपत होती. मला वाटलं, संपलं. आपल्याच तोंडाने आपण त्यांना घालवलं. त्या रागातच, की भीतीत, मी फोन घेतला आणि ड्युपेज शोधला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सांगितलं. काउंटीला नाव नदीवरून आलंय, ही आपल्या गावातून वाहते तीच नदी. आणि नदीचं नाव एका फ्रेंच माणसावरून. नदीकाठी त्याचं ठाणं होतं, तो इथल्या लोकांशी जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करायचा. त्याच्याबद्दल बाकी फारसं काहीच कळत नाही. पहिलं नावसुद्धा धड ठाऊक नाही.

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "म्हणजे हा राहिला होता."

मी म्हटलं, हो, हा राहिला होता.

"बायकामुलं?"

मी म्हटलं, माहीत नाही. बाबांनी मान हलवली आणि पोहे संपवले. मग त्यांनी कोट मागितला, आणि मी त्यांना नदीवर घेऊन गेले. काठाला बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता, मधलं पाणी चाललं होतं. वाहतं कुठे, त्यांनी विचारलं. दक्षिणेला, मी म्हटलं. मग त्यांनी आमचं घर कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवायला लावलं. मी पश्चिमेकडे दाखवलं. त्यांचं काय ठरलंय ते विचारायचा मला धीर झाला नाही.

वर्षश्राद्धाला देवळातले गुरुजी घरी आले. तरुण, रत्नागिरीकडचे, इथे येऊन दोनच वर्षं झालेली. नवरा त्या दिवशी जर्सी सिटीत अडकला होता, मुलगी शाळेला सुट्टी घेऊन माझ्याशेजारी बसली होती. जमिनीवर बसवेना म्हणून बाबा लाकडी स्टुलावर बसले, सोवळ्यावरून स्वेटर घालून. मला ते फार लहान दिसले. गुरुजींनी संकल्प सुरू केला, ते जे सगळ्यांना सांगतात तेच, मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीरावर.

बाबांनी हात वर केला. गुरुजी थांबले.

 आता ते गोदावरी म्हणणार, मला खात्री होती. म्हणजे उत्तरही मिळाल्यात जमा होतं. मी मुलीचा हात धरला तर तीच माझ्याकडे बघायला लागली.

"ड्युपेज-नद्याः पश्चिमे तीरे," बाबा म्हणाले. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, गुरुजींना लिहून घ्यायचं असल्यासारखं. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसंच म्हटलं. बाबांनी पाणी सोडलं.

मला पुढचं काही आठवत नाही. पिंडांचा भात, तीळ, खीर, सगळं माझ्या हातून झालं असणार. गुरुजी दक्षिणा घेऊन गेल्यावर मी बाबांसमोर ताट ठेवलं आणि तिथेच खाली बसले.  बाबांनीच सुरुवात केली.

"वर्षभर मी तिला गोदावरीचा पत्ता देत होतो. ती बिचारी तिकडे येऊन उभी राहत असेल, आणि मी नाही."

मी रडायला लागले. बाबांनी भात कालवला. मग म्हणाले की आता तिला खरं ठिकाण सांगून झालंय. तिने आयुष्यात कधी एकटीने रस्ता शोधला नाही, मुंबईलासुद्धा गेली नाही. तिला पुन्हा पुन्हा पत्ता बदलून सांगायचा नाही.

त्या दिवशी दुपारी त्यांची बॅग जिन्याखालच्या कपाटात गेली. ती त्यांनी स्वतःच खाली आणली, मी उचलू लागले तर मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. सगळं नीट झालं का विचारलं, आणि मग म्हणाला की बाल्कनीवाल्या फ्लॅटसाठी या आठवड्यात हो की नाही सांगायचंय. बाबा समोर सोफ्यावर मुलीला कँकाकी कसं म्हणायचं ते विचारत होते. मी फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले.

मी म्हटलं, "नाही सांग. बाबांनी आईला इथला पत्ता दिलाय."

 मग त्याने विचारलं की म्हणजे किती दिवस. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण आता इथून हलता येणार नाही. गॅरेजमध्ये कडाक्याची थंडी होती, आणि तरी मी आत जात नव्हते. शेवटी तो म्हणाला की इकडच्या नोकरीचं काय करायचं ते बघतो, आणि उद्या रात्रीच्या विमानाने येतो. मी म्हटलं, ये.