शंभर मजले आणि आमच्या घराचा खांदा

माझा धंदा उभ्या शहरांची चित्रं काढण्याचा. मुंबईतल्या ऑफिसात त्याला कन्सेप्ट म्हणतात. कन्सेप्ट म्हणजे ज्याला अजून इंजिनिअर ‘नाही’ म्हणालेला नाही असं चित्र. खाली बाजार, त्यावर ऑफिसं, त्यावर हॉटेल, त्यावर घरं आणि टाळूवर पोहण्याचा तलाव. मजले शंभराच्या वर. माणसाला जन्मभर जमिनीवर उतरायची गरजच पडू नये, अशी सगळी तजवीज. चित्रात माणसंही मीच चिकटवतो. सगळी सडपातळ, हातात कॉफी. एकाचाही पाय सुजलेला नसतो.

गेल्या कामात साहेबांना ‘गावपण’ हवं होतं. ऑफिसात गावचा असा मी एकटाच, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. मी दर दहा मजल्यांना एक अंगण दिलं, अंगणात तुळस, तुळशीशेजारी बाक आणि बाकावर पुन्हा तो कॉफीवाला. साहेब म्हणाले, “याला मातीचा वास येतोय.” सत्तराव्या मजल्यावर मातीचा वास कुठून येणार, हे मी विचारलं नाही. पगार घेणाऱ्यानं असले प्रश्न विचारू नयेत.

माझं खरं गाव पोलादपूरच्या वरच्या डोंगरात. तीसेक घरांची वाडी. गाडीरस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो, पुढे दगडी पायवाट. आजारी माणसाला खाली न्यायचं तर डोली लागते, म्हणजे दोन बांबूंना बांधलेली प्लास्टिकची खुर्ची आणि चार खांदे. हाक आली की ज्याच्या घरी धडधाकट माणूस आहे त्यानं खांदा द्यायचा, ही वाडीची रीत. वडील होते तोवर आमच्या घराचा खांदा कधी चुकला नाही. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, आणि मी मुंबईत.

यावर मी माझ्या अकलेनं तोडगाही काढला होता. टॉवरमधल्या आजाऱ्यांच्या लिफ्टसाठी आम्ही निवडतो तसलं चाकांचं स्ट्रेचर मी विकत घेऊन वाडीला भेट दिलं. नारळ फोडला, फोटो काढले. दगडी पायवाटेवर चाकं! वाडीची माणसं सभ्य, कोणी काही बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आलो तर स्ट्रेचरवर कुरडया वाळत होत्या. “उंची बेस हाय, कोंबड्या चढत नाय,” असं चुलत्यांनी मनापासून कौतुक केलं.

यंदाच्या मे महिन्यात चार दिवस गावी गेलो ते कामासकट. रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर, म्हणून तिथेच लॅपटॉप मांडून साहेबांशी बोलत होतो. गिऱ्हाईकाची शंका होती, शहाण्णवाव्या मजल्यावर कोणी आजारी पडलं तर खाली यायला किती वेळ? मी छाती फुगवून सांगितलं, “दोन मिनिटं सर, लिफ्टसाठी थांबण्यासकट.” तेवढ्यात खालच्या घरची काकू कट्ट्याशी येऊन उभी राहिली.

“तुझं बोलनं झालं की ये रे,” ती म्हणाली. “तुझी आई पडवीत पडलेय. पाय मोडलाय वाटतं.”

घोटा सुजून तट्ट झाला होता. महाडच्या दवाखान्यात नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चुलत्यांनी हाक दिली. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईत. चुलते धरून तिघे जमले, चौथा मी. डोली दारात आली आणि आई बसेना.

“मी नाय बसनार. आठ वर्सं आपल्या घराचा खांदा नाय. कंच्या तोंडानं बसू?”

“अगं, आता मी देतोय ना.”

“तू पोटचा. घरच्याला दिल्याला खांदा धरत नाय. दुसऱ्याच्या मानसाला देतात त्यो खांदा.”

“आणि ते स्ट्रेचर?” माझ्या तोंडून निघून गेलं. आईनं अंगणाकडे पाहिलं. स्ट्रेचरवर यंदाच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या.

चुलते म्हणाले, “वैनी, आमी मोजतोय का?”

“तुमी मोजत नाय म्हनून तर मला मोजाया लागतंय,” आई म्हणाली, आणि निघाली.

निघाली ती बसून. दगडावर बूड टेकायचं, हातांवर भार घ्यायचा, मोडका पाय पुढे धरायचा आणि खालच्या दगडावर सरकायचं. मागून आम्ही चौघे रिकामी डोली घेऊन. मला लाज वाटत होती, संताप येत होता, आणि संताप कोणाचा येतोय हेही पक्कं कळत होतं. पायवाट देवळाखालून जाते. तिथे रेंज आली आणि साहेबांचा फोन वाजला. “दोन मिनिटं जरा जास्त वाटतात रे. नव्वद सेकंद लिहू का?” मी म्हटलं, “लिहा सर. कन्सेप्टच आहे.” एवढं बोलेपर्यंत आई दोन दगड उतरली होती.

आंब्याच्या झाडाखाली मात्र ती थांबली. ओठ पांढरे पडलेले, तळहात सोललेले. पुढे सरकवेना, आणि डोलीकडे बघायला तयार नाही. मी हात जोडले. तिनं मान फिरवली.

काकू आमच्या मागोमाग आलीच होती. अंगानं भरदार, गुडघे ठणठणीत, विहिरीवरून एका दमात दोन हंडे आणणारी बाई. तिनं पदर खोचला, पुढे झाली आणि सरळ डोलीतल्या खुर्चीत बसली.

“काय बघताव? माझं डोकं दुखतंय,” ती म्हणाली. “महाडला न्या मला. आनि तू रे, तू म्होरं लाग.”

आम्ही उचललं. खांद्यातून जी कळ निघाली ती थेट कमरेत गेली. चित्रात मी लिफ्टच्या जागी खाली जाणारा एक बाण काढतो. बाणाला वजन नसतं. पहिल्याच उतारावर मी वळण किती लांब ते पाहिलं, तशी वरून काकूची सूचना आली, “लांब काय बघतोस, पायाखाली बघ.” वळणापर्यंत कसेबसे पोचलो तर म्हणते, “डोकं दुखायचं राहिलं. चला परत वर.” चुलते हसले. मला हसायलाही दम नव्हता.

आंब्याखाली काकू उतरली आणि आईपुढे उभी राहिली.

“लागला गो तुझ्या घराचा खांदा. मी बसले व्हते, मीच सांगतेय. आता गुमान बस.”

आईनं माझ्या खांद्याकडे पाहिलं. सदरा तिथे घामानं चिकटला होता. मग तिनं काकूचा हात धरला आणि खुर्चीत बसली.

चुलते म्हणाले, “उचला.” काकूच्या वजनाच्या अंदाजानं मी होता नव्हता तेवढा जोर लावला. बांबू एकदम वर आला, डोली कलंडता कलंडता राहिली. मला वाटलं, आई अजून बसलीच नाही. मागे वळून पाहिलं. बसली होती, दोन्ही हातांनी बांबू धरून.