शेवट आणि श्रीफळ

आमच्या फिल्म सोसायटीने बोलावलेला म्हातारा अमेरिकन दिग्दर्शक पहिल्या रांगेत कडेला बसला होता. पडद्यावर त्याचाच सिनेमा चालू होता. शेवट जवळ आला आणि दिवे लागले. त्याचा सत्कार करायला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून सत्कार आधी उरकायचं ठरलं. शाल, श्रीफळ, भाषणं झाली, तोवर हॉल निम्मा रिकामा झाला आणि उरलेला सिनेमा राहूनच गेला.

तरुणपणी एका बड्या कंपनीने त्याच्या पहिल्या सिनेमाचा शेवट कापला होता. त्यानंतर त्याने कुणाची चाकरी केली नाही. मित्रांना नट करून, स्वतः कॅमेरा धरून आयुष्यभर सिनेमे काढले, ते फक्त शेवट आपल्या हातात राहावा म्हणून. हे आमच्या अध्यक्षांनीच भाषणात कौतुकाने सांगितलं. दिवे लावायलाही त्यांनीच सांगितलं होतं. त्या कंपनीने निदान धंद्यासाठी कापला. आम्ही आदरापोटी कापला.

बाहेर गाडीची वाट बघताना त्याने मला विचारलं, "या नारळाचं काय करतात?"

"घरी नेऊन फोडतात. पण तुम्हाला विमानात नेऊ देणार नाहीत."

त्याने नारळ माझ्या हातात ठेवला.

"मग याचाही शेवट तुम्हीच करा."