दर मीटरमागे किती माणसं?

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत सगळी नवी मुंबई होती. म्हणजे वीजमीटरची यादी. पाण्याची नवी लाइन कुठल्या वस्तीला द्यायची हे ठरवायला माणसं मोजायची होती; पण घरोघर फिरायला आमच्या कार्यालयाला वेळ कुठला? त्यामुळे गुणोत्तर पद्धत: थोडी घरं निवडा, दर मीटरमागे किती माणसं ते काढा आणि वस्तीतल्या एकूण मीटरांनी गुणा. ही युक्ती माझी फार लाडकी होती.

ऐरोलीत सकाळ मजेत गेली. लिफ्टने चढायचं, बेल वाजवायची. एका घरी चार माणसं, दुसऱ्या घरी तीन माणसं आणि कुत्रा. वॉचमन म्हणाला, "साहेब, वरती टेन्शनच नाय. निम्मे फ्लॅट लॉक आहेत." बंद फ्लॅटलाही मीटर होताच. दर मीटरमागे जेमतेम दोन माणसं निघाली. इतकं गोंडस उत्तर हाती आल्यावर मी तेच शिरवण्यालाही लावून टाकलं आणि तिथे केवळ उपचार म्हणून गेलो.

शिरवणे म्हणजे नेरूळच्या इमारतींमध्ये उरलेलं मूळ गाव. पहिलंच घर चार मजली, मुलाच्या प्रत्येक लग्नाला एक मजला चढवलेला. मीटर एकच. दार हिराबाईंनी उघडलं.

"किती जण राहता?"

"एकोनीस. वरचे भाडोत्री धरून."

"आमच्या हिशेबात दोनच आहेत," मी हुशारीने सांगितलं.

"मंग सतरा जनांनी पानी नाय प्यायचं?"

एवढं ऐकवूनही त्यांनी मला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी). तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या रिकामा केला आणि ऐटीत दुसरा मागितला. सून सासूकडे बघायला लागली. हिराबाईंनी कोपऱ्यातल्या पिंपात तांब्या बुडवला, तो तळाला खरवडला.

"प्या, भाऊ. नल आता उद्या सकाली येल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्यालो मात्र सगळं.

परतल्यावर अहवालात गावठाणांसाठी (जुन्या गावांच्या वस्तीसाठी) मी वेगळं गुणोत्तर लिहिलं. साहेबांनी ते खोडलं. "सगळीकडे एकच ठेवा, तक्ता सुटसुटीत दिसतो. सही करा."

त्यांच्यावर चिडायला मला तोंड नव्हतं. मीटर कुणाच्या दारावर आहे हे बघावं लागतं, एवढं साधं मलाही शिरवण्याला जाऊनच कळलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

"सही करतो. आधी एकदा हिराबाईंकडे जेवायला चला," मी म्हटलं. "फक्त पाणी दुसऱ्यांदा मागू नका."